मेडिक्लेमने रोजच्या गोळ्या मिळत नाहीत
'प्रत्येकाने मेडिक्लेम काढला की सरकारी दवाखाने लागणारच नाहीत' हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. सोलापुरात हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईने हप्ता भरायचा कशातून? आणि भरला तरी तिचा दमा, कंबरदुखी, रक्तदाब यांचा खर्च तपासणीचा आणि रोजच्या गोळ्यांचा. साधी पॉलिसी पैसे देते ते दाखल झाल्यावर. (पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबायचं, ते वेगळंच.) राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं ५ लाखांचं संरक्षणही मुख्यतः दाखल रुग्णांसाठीच. म्हणून सुधारणा म्हणजे विम्याचं आणखी एक कार्ड नको. आधी सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या जागा भरा आणि औषधं तिथल्याच खिडकीवर मिळू द्या. सोलापुरात तर शेजारच्या धाराशिव, विजयपूरकडचे रुग्णसुद्धा उपचाराला येतात.