मदत हवी आहे: रिमॅपच्या आधी इंजिन किती उघडायचं?

नमस्कार मंडळी, पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, रनिंग दोन लाखांच्या वर. राहायला ठाण्यात. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ आला की मागे निळसर धूर दिसतो आणि ऑइलही कमी होतंय.

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) केली. तीन सिलिंडर ११ बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा मात्र ७.५. त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर १० वर गेला. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, पिस्टनच्या रिंगांचा, असं मी धरून चाललोय.

पुढे रिमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) आणि मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) डोक्यात आहे. पण दमलेल्या इंजिनावर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवणं मला पटत नाही. मिस्त्री म्हणतात, "साहेब, हाफ इंजिन करू, रिंगा-बेअरिंग टाकू, झालं." बोअर (सिलिंडरचं भोक) न मोजता नुसत्या रिंगा टाकून काय उपयोग? बोअर लंबगोल झाला असेल तर नव्या रिंगा बसणारच नाहीत नीट.

विचारायचं असं: तुर्भे किंवा वागळे इस्टेटकडे बोअर गेजने नीट मोजून, टॉर्क प्लेट (हेड बसवल्यासारखा ताण देणारी जाड प्लेट) लावून होनिंग (बोअर आतून घासून सारखा करणं) करणारं कुणी माहितीत आहे का? कमी आरपीएमला टॉर्क एकदम वाढला की कनेक्टिंग रॉड वाकतात म्हणे. मग इंजिन उघडलंच आहे तर फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) रॉड आत्ताच टाकावेत का? टर्बोची ऑइल फीड पाइप आणि संपमधली (खालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी बदलणारच आहे. टर्बोच्या शाफ्टला थोडा प्ले (ढिलेपणा) आहे, नुसती कोअर (टर्बोचा मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग) बदलून चालेल का?

आणि रिंगा बसेपर्यंत, रिमॅपच्या आधी, स्टॉक बूस्टवर किती किलोमीटर चालवलीत तुम्ही?