सेमिनार बंद करा म्हणे!

मेरुप्रस्तार

एक पोस्ट आठवडाभर गटागटांतून फिरतेय आणि आपल्यातलेच लोक तिला अंगठे देतायत, म्हणून हा धागा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विद्यापीठांनी दर आठवड्याचे संशोधन सेमिनार बंद करावेत. पेपर ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर मिळतात, व्याख्यानं यूट्यूबवर दिसतात. त्यातही कॉम्बिनेटोरिक्स (मोजणीचं आणि मांडणीचं गणित) म्हणजे ‘कोडी सोडवण्याचा विषय’, त्याला हॉल, वक्त्याचा प्रवासखर्च आणि चहा-बिस्किटं कशाला? लिहिणारे गृहस्थ स्वतः गणिताचे निवृत्त प्राध्यापक आहेत. म्हणून जास्त लागलं.

मार्च २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. केंब्रिज, रिओ आणि साओ पावलो अशा तीन ठिकाणच्या सेमिनारची सूचना एकदमच निघाली. शीर्षक एकच, गोषवारा दोन वाक्यांचा: हंगेरियन गणिती एर्डशच्या एका जुन्या प्रश्नावर अलीकडे झालेली प्रगती. तेवढ्यावर या विषयातल्या लोकांत चुळबुळ सुरू झाली. १६ तारखेला सहस्रबुद्धे, ग्रिफिथ्स आणि कांपोस तीन शहरांत बोलायला उभे राहिले; चौथे सहलेखक मॉरिस. रॅम्सी संख्या म्हणजे कमीत कमी इतके ठिपके, की त्यांना दोन रंगांच्या रेषांनी कसंही जोडलं तरी एकाच रंगाने आपसांत जोडलेला ठरावीक आकाराचा गट सापडतोच. या संख्यांची १९३५ सालची, चाराच्या घाताची वरची मर्यादा त्यांनी खाली आणली होती. चाराच्या जागी ३.९९३. एवढं करायला ८८ वर्षं लागली. पेपर अपलोड करून त्यांना मोकळं होता आलं असतं. तरी त्यांना समोर माणसं हवी होती.

आणि ‘कोडी’? ऑयलरचं छत्तीस अधिकाऱ्यांचं कोडंच होतं: सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे अधिकारी चौकोनात असे उभे करा की कुठल्याही ओळीत वा रांगेत पलटण किंवा हुद्दा पुन्हा येऊ नये. त्यावरून त्याने १७८२ मध्ये जो अंदाज बांधला, तो १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी मोडून काढला आणि न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं. त्याच बोसांनी रे-चौधुरींबरोबर चुका आपोआप दुरुस्त करणारे जे कोड बांधले, त्याच कुळातले कोड आज भाजीवाल्याच्या गाडीवरच्या क्यूआरमध्ये आहेत. कोपरा मळला तरी पैसे जातात ते त्यामुळे.

सेमिनारमध्ये काय मिळतं ते मी पाहिलेलं सांगतो. वक्ता तिसऱ्या ओळीवर ‘क्लिअरली’ म्हणून पुढे निघालेला असतो. मागच्या बाकावरून एमएस्सीची एक मुलगी विचारते, “सर, हा शिरोबिंदू दोनदा मोजला गेला ना?” वक्ता थांबतो, डस्टर घेतो, आधी बाजूंकडून मोजतो, मग शिरोबिंदूंकडून. दोन्ही आकडे जुळायला पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांत हॉलमधल्या प्रत्येकाला सिद्धतेचा सांधा कुठे आहे ते कळतं. यूट्यूबला हात वर करून कुणी थांबवून दाखवावं.

सीएचबी मास्तर

मेरुप्रस्तार, लेख मनापासून लिहिलाय, पण तुमचा हॉल कुणासाठी आहे ते सांगा. सेमिनार असतो आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी चारला. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. ड्युटी लीव्ह हा शब्द आमच्या कराराच्या कागदात नाही. सेट पास आहे, ग्राफ लेबलिंगवर (ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा; त्यांना नियमाने आकडे द्यायचे) काम करतोय, गाइड विद्यापीठात, मी तालुक्याच्या गावी. एकदा प्राचार्यांकडे परवानगी मागितली तर म्हणाले, “अभ्यासक्रम पुरा करा, संशोधन सुट्टीत करा.” माझ्यासारख्याने सेमिनार बंद झाला तर रडायचं कशाला? तो माझ्यासाठी कधी सुरूच झाला नव्हता.

खडूवाला

दोघांनाही सांगतो, सेमिनार मारले ते स्लाइडींनी. चाळीस-चाळीस स्लाइडी, एकेका स्लाइडवर तीन लेमा (सिद्धतेतले मधले छोटे निष्कर्ष), वक्ता आमच्याकडे पाठ करून पडदा वाचतो. खडूने लिहिणाऱ्याला स्वतःच्या हाताच्या वेगाने विचार करावा लागतो आणि आपल्याला तेवढा श्वास मिळतो. प्रोजेक्टरवर बंदी घाला, निम्म्या तक्रारी जातील.

आलेख

असहमत. मी परदेशात पीएचडी करतेय आणि २०२० नंतर ऑनलाइन सुरू झालेल्या सेमिनारांवर वाढलेय. त्या स्लाइडी नसत्या तर भारतात बसून मला हा विषय दिसलाही नसता. सेमिनार बंद करा म्हणणाऱ्या त्या पोस्टशी माझं जमत नाही, पण ती लिहिणाऱ्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. रेकॉर्डिंग थांबवून, मागे नेऊन मी एकेक ओळ समजून घेते. हॉलमध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी एक; न विचारता नुसती मान डोलावणारे बाकीचे सगळे.

देवळालीकर

सेमिनारची एवढी आरती चाललीय तर आमच्या कापरेकरांचंही नाव घ्या. नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवलं. ना पीएचडी, ना खुर्ची. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे कायम ६१७४. चारही अंक सारखे नसले की फार तर सात वजाबाक्यांत तिथेच येता. हे जगाने डोक्यावर घेतलं ते मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिल्यावर. तोवर आपल्या देशातल्या किती गणित्यांनी या माणसाला गंभीरपणे घेतलं? हीच ती सेमिनार संस्कृती. पदवी विचारते, मग ऐकते.

आलेख

कापरेकरांबद्दल आदर आहे, पण ६१७४ हे संशोधन सेमिनारचं गणित नाही. दशमान पद्धत सोडून संख्या दुसऱ्या पायात (बेसमध्ये), म्हणजे दहाऐवजी आठाच्या किंवा बाराच्या पद्धतीत लिहा, तो आकडा जातो. संख्येचा गुण वेगळा आणि लिहिण्याच्या रीतीचा गुण वेगळा. बोसांबरोबरच्या त्याच श्रीखंड्यांच्या नावाचा ग्राफ बघा, १६ शिरोबिंदू (ठिपके), ४८ बाजू (रेषा). तो कसाही काढा, त्याची रचना तीच राहते.

देवळालीकर

हेच! परदेशात बसून ठरवायचं की काय गणित आणि काय गंमत. ताई, माझ्या वडिलांनी देवळालीत त्यांना पाहिलंय. वाटेत भेटलेल्या पोराला थांबवून संख्या विचारायचे आणि मातीत काडीने वजाबाकी करून दाखवायचे. त्या पोरांपैकी किती जण त्यामुळे गणिताकडे वळले असतील? तुमच्या रेकॉर्डिंगने एक तरी वळवून दाखवा.

आलेख

वळवलंय. मी स्वतः. आणि ‘परदेशात बसून’ हे पुन्हा लिहू नका. इथे यायला मला कुणी विमानाचं तिकीट आणून दिलं नव्हतं.

खडूवाला

काडी आणि माती म्हणजे फळाच झाला की. माझाच मुद्दा.

मेरुप्रस्तार

दोघंही थांबा. देवळालीकर, कापरेकरांची उपेक्षा झाली हे खरं आहे आणि ती लाजिरवाणी आहे. पण ‘सेमिनार संस्कृती’ने ती केली असं म्हणताना मुंबई विद्यापीठ विसरू नका. श्रीखंडे नागपूरच्या सायन्स कॉलेजातले. अमेरिकेत चॅपल हिलला बोसांकडे पीएचडी केली आणि १९६३ ते १९७८ मुंबईत गणित विभाग उभा केला. त्यातून वासंती भट-नायक, सिंघी यांच्यासारखी माणसं पुढे आली. एकाच राज्यात, एकाच काळात. एका माणसाभोवती बोलायला, चुका काढायला, पुढचा प्रश्न विचारायला माणसं होती. दुसरा पोस्टकार्ड आणि स्वखर्चाच्या पुस्तिकांवर राहिला. कापरेकरांच्या वाट्याला आठवड्यातून एक तास असा हॉल आला असता, तर आलेख म्हणतेय तो पायाचा प्रश्न त्यांना १९५० मध्येच कुणीतरी विचारला असता आणि त्यांनी तो पुढे नेला असता. सेमिनार हवा यासाठी याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

देवळालीकर

हे तुम्ही बरोबर फिरवलंत, आणि मला पटतंय म्हणून अधिक राग येतोय. पण मग हॉलच्या दारावर पदवी विचारू नका. शाळामास्तर आला तर बसू द्या.

आलेख

६१७४ शिकवण्यासाठी उत्तम आहे एवढं मान्य करते. त्यापुढे नाही.

सीएचबी मास्तर

कापरेकर झाले, श्रीखंडे झाले, माझं काय? पंचवीस ओळी एका मृत माणसाच्या उपेक्षेवर आणि जिवंत माणसाला एकही उत्तर नाही. शाळामास्तराला बसू द्या म्हणता, मास्तर येणार कसा ते कोण बोलणार?

मेरुप्रस्तार

तुमचं बरोबर आहे, आणि उत्तर माझ्या एकट्याच्या हातात नाही. विभागाकडे तीन गोष्टी मागता येतील. महिन्यातला एक सेमिनार शनिवारी दुपारी. पहिली वीस मिनिटं अशी की एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला कळेल. कॉम्बिनेटोरिक्समध्ये ते जमतंच. सहा ठिपके, लाल आणि निळा खडू, आणि एकाच रंगाचा त्रिकोण निघतोच हे पाच मिनिटांत सिद्ध होतं. त्रिकोणाऐवजी एकाच रंगाने आपसांत जोडलेले पाच ठिपके हवेत, तर किमान किती ठिपके घ्यायचे असं विचारलं तर उत्तर ४३ ते ४६ मध्ये कुठेतरी आहे आणि कुणालाच माहीत नाही, एवढं ऐकूनच पोरगं घरी गेलं पाहिजे. तिसरं, बाहेरगावच्या तासिका शिक्षकाला हजेरीचं पत्र आणि एसटीचं भाडं. वक्त्याचं विमान निघतं त्याच पैशातून.

आलेख

कॅमेरा फळ्यावर लावा, वक्त्याच्या तोंडावर नको. आणि बाहेरून आलेला प्रश्न मोठ्याने वाचणारा एक माणूस नेमा. मग ‘फक्त यूट्यूब पुरे’ हे मी म्हणणार नाही.

खडूवाला

प्रोजेक्टर बंद हे त्यात घाला. नाहीतर माझी सही नाही.

सीएचबी मास्तर

खडूवाला, तुमच्या सहीवाचून चालेल. मेरुप्रस्तार, शनिवार चालतो. भाड्याचं लेखी द्या. तोंडी आश्वासनं आम्ही दर जूनमध्ये ऐकतो.