नैतिक प्रश्नांवर वाद घालून खरंच काही शिकायला मिळतं का?

चौकस:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. विज्ञानातल्या प्रश्नावर वाद झाला तर शेवटी कुणीतरी आकडे आणतं, प्रयोग दाखवतं आणि निदान काही जणांचं मत तरी हलतं. पण प्राणी मारून खाणं बरोबर का, मरणाच्या दारातल्या माणसाला खरं सांगावं का, असल्या प्रश्नांवर दोन्हीकडची चांगली शिकलेली माणसं तासन्‌तास बोलतात आणि उठताना जिथे होती तिथेच असतात. मग इथे लॉजिकचा उपयोग काय? मला जिंकायचं नाहीये, शिकायचंय. तुम्ही लोक नक्की काय करता ते सांगा, 'मन मोकळं ठेवा' हे सगळेच सांगतात आणि त्याने काहीच होत नाही.

पूर्वपक्ष:
न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या आपल्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला घालतात तो वाद, जिंकण्यासाठी वाट्टेल त्या क्लृप्त्या वापरून होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडत बसायची ती वितंडा. तुम्ही जे वर्णन करताय ते जल्पाचं आहे, त्यामुळे त्यातून हाती काही लागत नाही यात नवल नाही.

मी करतो ते एकच. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडतो आणि विचारतो, हेच म्हणायचंय ना? तो 'हो, अगदी हेच' म्हणेपर्यंत माझा मुद्दा मांडत नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत आधी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याची बाजू मांडून मगच उत्तरपक्ष म्हणजे आपलं उत्तर येतं, ते याचसाठी. कंटाळवाणं वाटतं पण बऱ्याचदा कळतं की आपण ज्याच्याशी भांडत होतो ते कुणी म्हटलंच नव्हतं.

अनुमान:
यात एक भर घालते. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचं चार पत्त्यांचं कोडं आहे, 'पत्त्याच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो' असा नियम देतात आणि तो तपासायला नेमके कुठले पत्ते उलटाल असं विचारतात. १९९८ मध्ये मॉशमन आणि गील यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ते दिलं तेव्हा एकेकट्याने सोडवणाऱ्यांत जेमतेम ९ टक्के बरोबर आले आणि पाच-सहा जणांच्या गटांत सुमारे ७५ टक्के गट! आपल्या मताची कारणं तपासताना आपण फार ढिले असतो आणि दुसऱ्याची तपासताना कडक, असं मर्सिए आणि स्पर्बर या संशोधकांचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. म्हणून विरुद्ध मताचं माणूस समोर हवंच, एकट्याने कितीही प्रामाणिक राहिलं तरी ते काम होत नाही.

पण त्या कोड्याला एक पक्कं उत्तर आहे, कुणी समजावलं की बाकीचे मान्य करतात. नैतिक प्रश्नात तसं नाही, त्यामुळे पूर्वपक्ष म्हणतात तेवढ्याने भागेल असं मला नाही वाटत.

तळटीप:
अनुमान, बरोबर. म्हणून आधी प्रश्न फोडावा लागतो. जे आहे त्यावरून जे असावं ते थेट निघत नाही, हे ह्यूम या तत्त्वज्ञाने १८व्या शतकातच दाखवून दिलंय. चौकस यांचंच रुग्णाचं उदाहरण घ्या. 'खरं सांगितलं तर तो खचेल' हा झाला वस्तुस्थितीचा दावा, तो तपासता येतो. 'खचला तरी स्वतःबद्दल कळणं हा त्याचा हक्क आहे' हे मूल्य आहे. लोक दोन्ही एकत्र कालवतात, मग एक जण आकडे मागतो आणि दुसरा हक्काचं बोलतो आणि दोघांनाही वाटतं समोरचा ऐकतच नाहीये.

मूल्याच्या भागातही पुरावा असतोच, फक्त वेगळ्या जातीचा. तत्त्वज्ञ पीटर सिंगरचं १९७२ चं उदाहरण आहे, उथळ तळ्यात मूल बुडतंय, तुमचे कपडे चिखलात खराब होतील, काढाल का बाहेर? सगळे हो म्हणतात. मग तो विचारतो, ते मूल फार लांब असेल आणि थोड्या पैशाने वाचणार असेल तर? आता एक तर अंतराने कर्तव्य कमी का होतं ते सांगा, नाही तर वागणं बदला. तत्त्व आणि आपला एकेका प्रसंगातला निवाडा, दोन्ही एकमेकांवर घासून जे टिकत नाही ते सोडायचं. रॉल्स या तत्त्वज्ञानेही हीच पद्धत मांडलीये. माझ्या मते नैतिकतेत शिकणं म्हणतात ते हेच, आणि ते अवघड असतं कारण सोडावं लागतं ते आवडतं असतं.

चौकस:
आभार सगळ्यांचे, तळटीप यांचं फोडून बघणं फार उपयोगी वाटतंय. पण एक अडतंय, मी तत्त्व सोडतोय ते पटलं म्हणून की सोयीचं म्हणून, हे मला कसं कळणार?

अनुमान:
आधी लिहून ठेवा. काय दिसलं तर मत बदलेन, हे चर्चा सुरू व्हायच्या आधी दोन वाक्यांत लिहायचं. नंतर नेमकं तेच समोर आलं आणि तरी तुम्ही आणखी काहीतरी मागायला लागलात, तर सोय आडवी आलीये. आणि भूमिका उलटी करून बघा, डॉक्टरच्या जागी नाही, त्या रुग्णाच्या जागी बसून तेच तत्त्व मान्य होतंय का ते. रुग्णाच्या प्रश्नावर तुमचं मत काय ते आणि तुमची अट इथेच लिहा, मी विरुद्ध बाजू घेते.