अनुभव धागा: वाय-फाय जोडलंय, पण नेट नाही. दोष शेवटी कुठे सापडला?

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वाय-फायच्या पंख्याऐवजी पृथ्वीचा गोळा दिसतो, त्यावर बाण नेला की 'नो इंटरनेट' म्हणतो, आणि त्याच वाय-फायवर घरातल्या बाकीच्यांचे मोबाइल झकास चालू असतात. "राउटर बंद करून चालू कर" हा सल्ला आता शेजारच्या काकूही देतात. तेवढ्यावर भागलं तर प्रश्नच नाही. हा धागा तेवढ्यावर न भागलेल्यांसाठी. उपायांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत. तुमच्याकडे दोष शेवटी नेमका कुठे निघाला आणि तो कसा कळला ते लिहा. कंपन्यांची नावं कृपया टाळा, धागा भलतीकडे जातो.

सुरुवात मी करतो. मामेबहिणीला कॉलेजसाठी एक जुना लॅपटॉप दिला होता, बराच काळ कपाटात पडून असलेला. वाय-फाय लगेच जोडलं गेलं, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'कनेक्शन सुरक्षित नाही'. तिचा भाऊ विंडोज नव्याने टाकायला निघाला होता. खाली उजवीकडे तारीख बघितली तर जानेवारी २०१६! साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. लॅपटॉपच्या हिशोबाने ती मुदत अजून सुरूच व्हायची होती, म्हणून ब्राउझर कुणालाच आत घेत नव्हता. तारीख हाताने बदलली आणि सगळं उघडलं. पण चार्जिंग पूर्ण उतरलं की पुन्हा २०१६. शेवटी मागचं झाकण उघडून घड्याळाचा सेल बदलला. सीआर२०३२ असतो, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याला दोन बारीक वायरी जोडून वर काळं प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. तिथे नुसता सेल आणून उपयोग नाही, वायरवालाच मागा.

भातखाचर

कोकणातल्या लोकांसाठी लिहितो. वळीव असो की परतीचा पाऊस, गडगडायला लागलं की आमच्याकडे आधी टीव्हीची वायर काढतात, मग राउटरचा प्लग. राउटरच्या मागची नेटची केबल मात्र कुणी काढत नाही, आणि मार तिथूनच बसतो. आमच्या वाडीत फायबर खांबावरच्या पेटीपर्यंतच आहे, तिथून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल. वीज जवळपास पडली तरी त्या तांब्यातून झटका आत येतो.

सकाळी बघतो तर वाय-फाय फुल्ल. १९२.१६८.०.१ टाकलं की राउटरचं पानही उघडतंय. नेट तेवढं नाही. भावोजींनी लॅपटॉप गेल्याचं जाहीर करून टाकलं, तालुक्याला नेऊया म्हणाले. मी राउटर फिरवून मागचे दिवे पाहिले. पिवळ्या चार खाचांपैकी कुठल्याही खाचेत केबल घातली की दिवा लागतो, निळ्या खाचेत घातली की काळोख. बाहेरून नेट घेणारी ती एकच खाच जळली होती, बाकी राउटर ठणठणीत. नवीन घेतला. जुना वरच्या माळ्यावर लावून रेंज वाढवता येईल का? टाकवत नाही हो.

दुमजली

भातखाचर, जरूर लावा, पण दोन गोष्टी करून मग लावा, नाहीतर इथला पुढचा अनुभव तुमचाच असेल. आमच्याकडे दिराने असाच जुना राउटर वर लावला आणि घरात विचित्र आजार सुरू झाला. वरच्या खोलीतला लॅपटॉप सकाळी चालायचा, दुपारी नाही. त्याच वेळी बाजूला ठेवलेला मोबाइल व्यवस्थित. रीस्टार्ट केलं की कधी सुधारायचं, कधी नाही. असं अधूनमधून होणारं दुखणं सगळ्यात वाईट, कारण जे काही केल्यावर सुरू होतं तोच उपाय वाटायला लागतो. सासूबाईंचं ठाम मत होतं की लॅपटॉप खिडकीकडे तोंड करून ठेवला की चालतो.

झालं होतं असं की घरात नेटवर्कचे पत्ते (१९२.१६८ वाले आकडे) वाटणारे राउटर दोन होते. लॅपटॉप जोडला की "मला पत्ता द्या" म्हणून सगळ्यांना विचारतो आणि जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. खालच्या राउटरने उत्तर दिलं तर ठीक. वरच्या जुन्याने दिलं तर तो "बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून" असं सांगायचा, आणि त्याच्याकडून बाहेर रस्ताच नव्हता. म्हणून: जुन्या राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा, आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला, म्हणजे नवा १९२.१६८.०.१ वर असेल तर जुना १९२.१६८.०.२ करा. खालून आलेली केबल पिवळ्या खाचेत. निळी जळली आहे हे तुमच्या पथ्यावरच पडलं.

पेठेतला_उमेदवार

पत्ते वाटण्यावरून आठवलं. मी पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. संध्याकाळी सातनंतर येणाऱ्याला वाय-फाय जोडलं जायचं, पण नेट मिळायचं नाही. सकाळी आलेल्यांना दिवसभर काही त्रास नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या काकांचं म्हणणं, संध्याकाळची मुलं व्हिडिओ बघतात म्हणून लोड येतो. त्यांनी पाटीही लावली: 'व्हिडिओ बघू नयेत. अभ्यासिका आहे.' आता निम्मी लेक्चर्सच व्हिडिओवर असतात, करायचं काय!

माझ्या लॅपटॉपवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग ही पत्ता दाखवणारी आज्ञा मारली, तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो. कुणीच पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच असा एक लावून घेतं. म्हणजे नेटचा वेग वगैरे पुढची गोष्ट, मला राउटरकडून पत्ताच मिळालेला नव्हता. काकांच्या परवानगीने राउटरचं पान उघडलं. पत्ते १०० ते १९९, म्हणजे एकूण शंभर, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास राखीव. सकाळच्या बॅचचा प्रत्येक जण एक मोबाइल, एक लॅपटॉप घेऊन येतो आणि दुपारी निघून जातो, पत्ता मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याच नावावर. संध्याकाळपर्यंत शंभर संपले. राखीव वेळ दोन तास केली, पत्ते २० ते २५० केले. सातनंतरचं गाऱ्हाणं बंद. पाटी अजून आहे.

सुपारी

+१. आमच्या वाचनालयात बहुतेक हेच चालू आहे. वाचनखूण साठवली.

ओसरी

सासरे (नाना) गावी एकटे असतात, बँकेची कामं लॅपटॉपवर करतात. फोन आला, "अगं, वाय-फायला सगळ्या काड्या आहेत, पण बँक म्हणते तुमच्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे." घाबरले होते. मीही घाबरले, कारण ब्राउझर दाखवत होता तो इशारा खरोखरच तसा असतो, की मधे कुणीतरी तुमची माहिती चोरत असेल.

कुणी चोर नव्हता. प्लॅनची मुदत संपली होती. मुदत संपली की आमचा नेटवाला कुठलीही साइट मागितली तरी स्वतःचं पैसे भरायचं पान पुढे करतो. हल्ली जवळजवळ सगळ्या साइट कुलूपवाल्या, एचटीटीपीएस. तिथे मागितलं एक आणि आलं दुसरं की ब्राउझर ओरडतो आणि ते पान दाखवतच नाही. मी त्यांना पत्त्याच्या जागी 'एस' नसलेलं एचटीटीपी लावून एक साधी साइट टाकायला सांगितली, त्याबरोबर 'आपला प्लॅन संपला आहे' हे पान उघडलं. नाना म्हणाले, "पैसे हवेत तर सरळ मागावेत की. घाबरवतात कशाला?"

स्टेशनवर, हॉटेलात मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्यायचं पान येत नाही, तिथेही हीच युक्ती चालते.

रात्रपाळी

ऑफिसचा लॅपटॉप. ऑफिसात नेट आहे, घरी नाही. सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा (आपली मागणी मधे घेऊन नेटवर पुढे पाठवणाऱ्या संगणकाचा) पत्ता भरलेला होता, आणि तो पत्ता फक्त ऑफिसच्या भिंतींच्या आतच सापडतो. घरी लॅपटॉप प्रत्येक पानासाठी त्या प्रॉक्सीला शोधत बसायचा. हेल्पडेस्कला फोन केला तर म्हणाले तिकीट टाका. तिकीट टाकायला नेट लागतं, म्हटलं. "मग मेल करा."

र्‍हाइनकाठ

जर्मनीत असतो. लांब पल्ल्याच्या गाडीत वाय-फाय जोडलं, त्यांचं स्वागताचं पानसुद्धा येईना. शेजारच्या आजोबांच्या टॅबलेटवर बातम्या चालू. मी प्रोग्रॅमर, त्यामुळे जरा जास्तच चिडचिड.

प्रोग्रॅमर असल्यामुळेच घोळ होता. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी लक्ष द्या. डॉकर लॅपटॉपच्या आत स्वतःची छोटी नेटवर्कं उभी करतो, पहिलं १७२.१७ ने सुरू होणारं, पुढची १७२.१८, १७२.१९ अशी. गाडीतलं वाय-फायही १७२.१८ वालंच होतं. गाडीच्या राउटरला पाठवलेला निरोप लॅपटॉप स्वतःच्याच पोटात शोधत होता. न वापरातली डॉकर नेटवर्कं काढून टाकली, पान आलं. कायमचा उपाय म्हणजे डॉकरच्या सेटिंग फाइलमध्ये त्याला दुसरे पत्ते नेमून देणे. रस्ते दाखवणारी आज्ञा (लिनक्सवर 'आयपी राउट') मारली की एकाच पत्त्याच्या दोन ओळी स्पष्ट दिसतात.

सुपारी

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला).

शिडीवाला

मी केबल-नेटचं फिल्डचं काम करतो, मुंबईच्या बाजूला. आमच्या बाजूने पण ऐका.

आधी एक डोक्यात बसवा. वाय-फायच्या काड्या म्हणजे लॅपटॉप ते राउटर, बस. घरापासून एस.टी. थांब्यापर्यंत रस्ता झाडून-पुसून ठेवला म्हणजे एस.टी. येतेच असं नाही. फोनवर लोक सांगतात "काड्या फुल्ल आहेत, मग नेट का नाही", तेव्हा मी विचारतो, फायबर जोडलेल्या डब्यावर एलओएस लिहिलंय तिथे लाल दिवा आहे का? लाल असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही. लॅपटॉपला हात लावू नका, ते आमचं काम.

आता फायबर का मरतं ते सांगतो. तुटून मरतं ते कमी, दाबून मरतं ते जास्त. आत काचेची तार आहे, ती ताठ वळवली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. सगळ्यात जास्त केस सरकत्या खिडकीची. केबल खिडकीच्या पट्टीतून आत घेतलेली असते, थंडीत कुणीतरी खिडकी पूर्ण लावतं, आणि नेट गेलं. खिडकी उघडली की परत आलं. एका घरी रोज रात्रीच नेट जायचं, दिवसा आम्ही गेलो की सगळं ओके. मच्छर येतात म्हणून सात वाजता खिडकी लावायचे. भिंतीला भोक पाडून केबल तिकडून घेतली. दुसरं, कपाट भिंतीला सरकवतात. तिसरं, गणपतीत मंडपाचे बांबू.

लाईट गेल्यावर पण हेच. तुमच्या घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू, वाय-फाय चालू. पण बिल्डिंगची आमची पेटी जिन्याखाली, तिचा प्लग साध्या लाईटवर. पेटी बंद तर सगळी बिल्डिंग बंद. सोसायटीला सांगून सांगून थकलो की पेटी लिफ्टच्या बॅकअपवर घ्या.

आणि हात जोडून विनंती: राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. ते बंद-चालूचं बटण नाही. त्याने आम्ही भरलेला युजरनेम-पासवर्ड पुसला जातो. मग एलओएस विझलेला, पॉन (फायबर जोडल्याचा दिवा) हिरवा, वाय-फाय चालू (नाव पण बदलून कंपनीचं मूळ होतं), आणि नेट शून्य. कारण तुमचा राउटर आमच्याकडे लॉगिनच करू शकत नाही. भाचा, पुतण्या, जावई, कुणीतरी घरी आलेलं असतं आणि "मी बघतो" म्हणतं. कनेक्शन घेताना तो युजरनेम-पासवर्ड आमच्या माणसाकडून लिहून घ्या आणि राउटरच्या खाली चिकटवा.

जाहिरातद्वेष्टा

माझं उलट आहे. नेट चालू, पण विंडोज म्हणतं नाही. घरात जाहिराती अडवणारी यंत्रणा बसवली आहे, नको असलेल्या पत्त्यांची मोठी यादी तिच्यात टाकली. विंडोज नेट आहे की नाही हे कसं ठरवतं, तर मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी फाइल मागवतं. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढे तीनच शब्द असतात. ते परत आले तर नेट आहे. यादीने नेमका तो पत्ताही अडवला होता. ब्राउझर धावतोय, पण जी ॲप्स विंडोजला विचारून चालतात ती रुसून बसलेली. तो एक पत्ता यादीतून सोडला की गोळा जातो.

लालपरी

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांनो, त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणं) करून ठेवा. दिवसाचा दीड जीबी विंडोज अपडेटनेच खाऊन टाकला होता. संपल्यावर वेग ६४ केबीपीएस, म्हणजे जोडलेलं आहे, चालूही आहे, पान मात्र उघडत नाही.

सुपारी

वाचनालयात बघून आलो. पत्ता १६९.२५४ वाला नाही, १९२.१६८ वालाच आहे. नेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (पोचतंय का ते बघायची हाक) जातं, उत्तर येतं. साइटचं नाव टाकलं की काही नाही. आता?

दुमजली

मग नेट आहे, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस मेलाय. त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ करून बघा. चाललं तर लॅपटॉपवर तेवढ्यावर थांबू नका, वाचनालयाच्या राउटरमध्येच बदला, म्हणजे सगळ्यांचं होईल. आणि कुणाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं सॉफ्टवेअर) अर्धवट काढलेलं असेल तर तेही हाच गोंधळ करतं, ते आधी तपासा.

सुपारी

राउटरमध्ये बदलला, झालं! ग्रंथपाल बाई विचारतायत, चहा घेणार का. बाकी शिडीवाला, कल्याणला येता का तुम्ही? आमच्याकडे खिडकी उघडी ठेवली तरी लाल आहे.