‘प्रश्न मांडला’, ‘प्रश्न विचारला’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’

विचारणा

अधिवेशन सुरू झाले की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत ‘पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न विधानसभेत मांडला’, ‘महापुराच्या उपाययोजनांवर लक्षवेधी’, ‘तारांकित प्रश्नातून सरकारला धारेवर धरले’ अशी शीर्षके रोज वाचायला मिळतात. या तिन्ही क्रिया एकच आहेत की प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे? तसेच मंत्र्यांच्या छापील उत्तरांत वारंवार येणाऱ्या ‘प्रश्न उद्भवत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘तशी काही समस्याच नाही’ असा घ्यावा काय? आमच्या वाचनालयात यावर दोन मते पडली आहेत आणि दोन्ही बाजू ठाम आहेत.

प्रतिसाद

गोंधळाचे मूळ ‘प्रश्न’ या शब्दातच आहे. मराठीत तो विचारलेल्या पृच्छेलाही लागतो आणि न सुटलेल्या अडचणीलाही लागतो. सीमाप्रश्न, ऊसदराचा प्रश्न, पाणीप्रश्न हे सारे दुसऱ्या अर्थाचे आहेत आणि कोल्हापूरकरांच्या तोंडी हाच अर्थ अधिक रुळलेला आहे. विधिमंडळाच्या नियमांत मात्र ‘प्रश्न’ म्हणजे केवळ पृच्छा.

म्हणून ‘प्रश्न मांडला’ याचा अर्थ, सदस्य एखाद्या अडचणीविषयी बोलले, एवढाच होतो. ते राज्यपालांच्या अभिभाषणावरील चर्चेत बोलले असतील, अर्थसंकल्पावरील चर्चेत बोलले असतील किंवा औचित्याच्या मुद्द्याद्वारे उभे राहिले असतील. त्यांच्या नेमक्या मुद्द्याला नेमके उत्तर मिळेलच याची हमी तेथे नसते. ‘प्रश्न विचारला’ ही क्रिया निराळी आहे. तिच्यासाठी आधी लेखी सूचना द्यावी लागते, अध्यक्षांनी ती स्वीकृत करावी लागते, मग ती संबंधित विभागाकडे जाते आणि विभाग जिल्ह्याच्या कार्यालयाकडून माहिती मागवतो. अधिवेशनाच्या दिवसांत सरकारी कार्यालयांत ‘एलएक्यू (इंग्रजी आद्याक्षरांनी विधानसभा प्रश्न) आला आहे’ म्हणून जी धांदल उडते ती या माहितीसाठी. भाषणाने ही धांदल क्वचितच उडते.

तारांकित प्रश्नावर तारेची खूण असते, त्याचे उत्तर सभागृहात तोंडी मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते आणि तेथेच थांबते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, यावरून तारेची किंमत कळावी. तारांकिताचे खरे बळ उपप्रश्नात आहे. १८९२ च्या कायद्याने हिंदुस्थानातील कायदेमंडळांच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, तेव्हा उपप्रश्नाला वाव नव्हता. तो १९०९ च्या सुधारणांनी मिळाला आणि तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्यापुरताच. तयार करून आणलेले उत्तर वाचून दाखवणे आणि समोरच्याने अनपेक्षित ठिकाणी बोट ठेवल्यावर उत्तर देणे यांतील अंतर तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही नीट ठाऊक होते.

‘लक्षवेधी’ हा नियमांच्या भाषेत प्रश्न नव्हेच. पूर्ण शब्द ‘लक्षवेधी सूचना’; विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधायचे, त्यांनी निवेदन करायचे आणि मग त्या निवेदनावर सदस्यांनी विचारायचे, असा तिचा क्रम आहे. गणपतीची ‘लक्षवेधी आरास’ या प्रयोगात ते विशेषण आहे, विधिमंडळात मात्र ‘सूचना’ गळून पडली आणि ‘लक्षवेधी लागली’, ‘लक्षवेधी राखून ठेवली’ असे नाम रूढ झाले. हे नाम आता स्वीकारावे. ‘तारांकित लक्षवेधी’ हा जोड मात्र चुकीचाच आहे.

आता ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्यासाठी प्रश्नाची घडण पाहावी लागेल. नमुन्यादाखल एक प्रश्न रचतो: ‘(१) कोल्हापूर जिल्ह्यातील अमुक ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यामुळे रुग्णांना शहरात जावे लागत आहे, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यातील प्रत्येक भाग ‘असल्यास’ किंवा ‘नसल्यास’ या शब्दाने आधीच्या भागाला बांधलेला आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले की पुढचे भाग आपोआप गळतात आणि त्यांच्यासमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिले जाते. म्हणजे ‘या पोटभागाला उत्तर देण्याचे कारण उरत नाही’, एवढेच त्या वाक्यात आहे. ‘समस्या नाही’ हा अर्थ त्यात नाही, आणि मंत्र्यांनी समस्या नाकारली असे त्यावरून छापणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. मात्र पहिल्या भागाला ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर असेल आणि तरीही चौकशीच्या भागापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असेल, तर ते उत्तर अपुरे आहे. जेवढा अंश खरा तेवढ्याची चौकशी उद्भवतेच. अशा उत्तरावर उपप्रश्न न विचारता पुढे जाणे हे मला सदस्याच्या कर्तव्यातील उणेपण वाटते.

प्रतिसाद

वरील विवेचनाला ‘मंजूर’ हा शब्द जोडू इच्छितो, कारण चौकाचौकांतील फलकांवर ‘आमदारांनी अमुक कोटींचा निधी मंजूर केला’ हे वाक्य हमखास असते. कोणताही एक आमदार शासनाच्या तिजोरीतून निधी मंजूर करू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याच्या खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम, राज्यपालांच्या शिफारशीखेरीज करता येत नाही; विधानसभा ती मान्य करते, नाकारते किंवा कमी करते, पण वाढवू शकत नाही. त्यामुळे सदस्याच्या हाती उरते ती कपात सूचना. लोकसभेच्या नियमांत धोरणाला विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणावी असे सुचवतात आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर १०० रुपयांची कपात सुचवतात. रक्कम नाममात्र असली तरी त्या निमित्ताने खात्याचा कारभार चर्चेला येतो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतील ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ हे शब्दही येथेच समजतात: ज्यावर सभागृहाचे मत घेतले जाते तो दत्तमत खर्च; आणि ज्यावर चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही, राज्यपालांचे वेतन किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन यांसारखा, तो भारित खर्च.

शिवाय ‘मंजूर’ म्हटल्यावर नेमके काय झाले हे कळत नाही. एखाद्या रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळते, पुढे अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद होते, नंतर निधी वितरित होतो आणि शेवटी खर्च पडतो. या चार निरनिराळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात वर्षांचे अंतर पडू शकते. प्रशासकीय मान्यतेच्या कागदावर फलक लागतो आणि तरतूद नाममात्र असते, हे लोकांना कळायचे तर प्रश्नातच ‘मान्यता किती, तरतूद किती, वितरित किती, प्रत्यक्ष खर्च किती’ असे चार आकडे वेगळे मागितले पाहिजेत. ‘निधी किती दिला’ असे विचारले तर यांपैकी सर्वांत मोठा आकडा उत्तरात येण्याचा संभव असतो. मार्चअखेर न वापरलेली रक्कम ‘व्यपगत’ होते, म्हणजे ती वापरण्याची मुभा संपते; ती विनियोजन लेख्यांत (मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या वार्षिक हिशेबात) दिसते, महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहाच्या पटलावर येतो आणि लोकलेखा समिती सचिवांची साक्ष घेते. प्रश्नोत्तराच्या तासाइतका गाजावाजा या समितीचा होत नाही, पण खर्चाचा खरा हिशेब तेथे मागितला जातो.

प्रतिसाद

एक शब्द राहिला: ‘आश्वासन’. मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून निर्णय घेण्यात येईल’ असे म्हटले की त्याची नोंद होऊ शकते आणि ते पाळले गेले की नाही हे आश्वासन समिती पाहते. पत्रकार परिषदेतील किंवा दसरा चौकातील सभेतील आश्वासनाला ही समिती नाही. म्हणून बातमीत ‘मंत्र्यांनी आश्वासन दिले’ एवढे लिहून भागत नाही. ते सभागृहात दिले असल्यास दिनांक आणि प्रश्न क्रमांकही छापावा, म्हणजे पुढच्या अधिवेशनात आपल्या आमदारांना त्याच क्रमांकाने निवेदन देता येईल.