मदत हवी आहे: कॅन्सरच्या उपचारांनंतर आईचं वजन कसं उतरवावं?

आईचे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेत, आता लेट्रोझोलची (इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारं औषध) रोजची गोळी चालू आहे. वय ५८, बीएमआय ३२. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय: आठवड्याला किमान १५० मिनिटं चालणं, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पण सकाळी बोटं आणि गुडघे इतके आखडतात की कुकरचं झाकणही लावता येत नाही. काखेतल्या लिम्फ ग्रंथी काढल्याने उजवा हात सुजतो, म्हणून डंबेल उचलायला ती घाबरते. त्यात नातेवाईक 'अशक्तपणा आलाय, खा' म्हणत डिंकाचे लाडू आणतात. उपाशी ठेवणारं डाएट मला मुळीच नको, स्नायू झिजतील. यातून गेलेल्यांनी व्यायामाची सुरुवात कशी केली? पुण्यात लिम्फेडेमाची (हाताच्या अशा सुजेची) माहिती असलेले फिजिओथेरपिस्ट कुणी सुचवाल का? कृपया लिहा, आई खूप खचली आहे.