मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धाच्या चित्रफितींतील खरे आणि रचलेले प्रसंग कसे ओळखावेत?

पहिल्या महायुद्धाचा इतिहास मी काही महिन्यांपासून त्या काळातील मूळ चित्रफितींच्या आधारे समजून घेत आहे, आणि एका प्रश्नाशी येऊन अडलो आहे. फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईवरचा ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा ब्रिटिश माहितीपट ऑगस्ट १९१६ मध्ये, म्हणजे ती लढाई चालू असतानाच, प्रदर्शित झाला. त्यातील सैनिक खंदकातून वर चढून धुक्यात नाहीसे होतात, हा सर्वांत गाजलेला प्रसंग प्रत्यक्ष रणांगणावरचा नसून आघाडीच्या मागे मुद्दाम रचून चित्रित केलेला आहे, असे अभ्यासक मानतात. त्याच चित्रपटातील जखमींना वाहून नेण्याची दृश्ये मात्र खरी आहेत, आणि ती पाहताना आजही मन हेलावते.

तिपाईवरचा जड, हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन गोळीबारात उघड्यावर उभे राहणे जवळजवळ अशक्य होते, हे मला समजते. त्यामुळे कॅमेरा शत्रूच्या बाजूने सैनिकांकडे रोखलेला दिसला, की मी ते दृश्य संशयास्पद धरतो. पण एवढी एकच खूण पुरेशी नाही. पाठीवरचे सामान, बंदुकीवरील आवरण, सावल्यांची दिशा यांवरून निष्कर्ष कसा काढावा? नंतर जोडलेला आवाज, चढवलेले रंग आणि बदललेला वेग यांमुळे मूळ पुरावा कितपत झाकला जातो? चित्रफितींचे संपादन किंवा जतन यांचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.